नोंदीचे दोन वाचक

इंदूरहून उज्जैनला निघालं, की बाणगंगा मागे पडते आणि सांवेर रोडच्या दोन्ही अंगांना कारखाने सुरू होतात. ए, बी, सी करत एफपर्यंतचे सेक्टर, आत अरुंद गल्ल्या, माल उतरवायला थांबलेले ट्रक, आणि पाट्यांवर औषधं, प्लास्टिक, पॅकिंग, इंजिनिअरिंग अशी सरमिसळ. यातल्या कुठल्याही औषध कारखान्यात गोळ्या तयार होतात त्या खोलीच्या दाराशी एक तक्ता टांगलेला असतो. तापमान, हवेतला ओलावा, आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक. ठरलेल्या वेळी कुणीतरी येतो, काटा बघतो, आकडा लिहितो, सही करतो आणि जातो. त्याच इमारतीत ऑफिसच्या बाजूला एक मुलगा दोन स्क्रीन लावून बसलेला असतो. सर्व्हर जिवंत आहे ना, डिस्क किती भरली, रात्रीचा बॅकअप क्लाउडवर पूर्ण चढला की अर्ध्यात तुटला, हे तो बघतो. या दोघांचा आत्ताआत्तापर्यंत एकमेकांशी फारसा संबंध येत नसे. एकाचं खातं प्रॉडक्शनचं, दुसऱ्याचं आयटीचं. कुळ मात्र एकच. त्या कुळात जहाजं आहेत, पेशव्यांचे कारकून आहेत, कुलाब्याची वेधशाळा आहे आणि या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेलं उज्जैनही आहे.

जहाजांबद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं. दोरीला बांधलेली लाकडी फळी पाण्यात टाकायची, ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचं, वेग वहीत लिहायचा. त्या वहीला लॉगबुक म्हणू लागले आणि पुढे यंत्राच्या खोलीतली, वीजघरातली, विमानातली प्रत्येक वही लॉगबुक झाली. हा गोऱ्यांकडचा धागा. तो खरा आहे, पण आपल्याकडे नोंद ठेवायला कुणी जहाजाची वाट बघत बसलं नव्हतं.

पुढे जाण्याआधी एक सांगून ठेवतो, कारण मला या सगळ्या इतिहासात तेच दिसतं. नोंदीला दोन वाचक असतात. एक आत्ता जागा असतो. त्याला फक्त बिघडलेलं कळायला हवं, तेही ताबडतोब आणि थोडक्यात. दुसरा नंतर येतो, कधी सहा महिन्यांनी, कधी दीडशे वर्षांनी. त्याला सगळं हवं असतं, न बिघडलेलंसुद्धा, तारीखवेळेसकट, खाडाखोड न करता. एकाच वहीने या दोघांना पुरं पडायचं, ही ओढाताण तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे.

पुण्याच्या हुजूर दफ्तरातला कारकून दुसऱ्या वाचकाचा पक्का माणूस होता. दररोजच्या व्यवहाराची रोजकीर्द मोडीत लिहिली जाई: आज काय जमा, काय खर्च, कुणाला सनद, कुणाला हुकूम. हा कच्चा माल. त्यावरून खात्यांप्रमाणे खतावणी, तिच्यावरून तेरीज, तेरजेवरून वर्षाचा ताळेबंद. दफ्तराचे दोन मोठे भाग होते. चालू कामाचं ते चालते दफ्तर, आणि सगळीकडचे हिशेब एकत्र येऊन त्यांची वर्गवारी होई ते एकबेरीज दफ्तर. नाना फडणीसाच्या काळात ही व्यवस्था कडक शिस्तीला पोचली. कागद फडातून, म्हणजे फडणिसाच्या कचेरीतून, गेल्याशिवाय, त्याच्यावर नोंद झाल्याचा शेरा पडल्याशिवाय हुकमाला किंमत नसे. आज एखाद्या कंपनीत लॉग गोळा करणारं सॉफ्टवेअर हेच करतं. प्रत्येक यंत्राकडून कच्ची ओळ घ्यायची, एका ठिकाणी आणायची, खात्याप्रमाणे लावायची, वर बेरीज मांडायची. डॅशबोर्ड म्हणजे तेरीजच. साहेब तेरीज बघतो. भानगड झाली की मात्र रोजकीर्द काढावी लागते.

याच दफ्तराने उलटी गोष्टही दाखवली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तिथली आबाळ झाली. कारकून कमी झाले, हजेरीची शिस्त सुटली, लोक कागद उचलून बाहेर नेऊ लागले. राज्य १८१८ मध्ये गेलं, पण नोंदी त्याआधीच विस्कळीत झाल्या होत्या. इतिहासकार या काळातल्या कागदांच्या विरळपणाची तक्रार करतात. माझ्या मते ती तक्रार नसून निदान आहे. राज्यकारभाराची तब्येत त्याच्या रोजकीर्दीच्या सलगपणावरून बरीचशी कळते. आजही एखाद्या कंपनीच्या लॉगमध्ये चार दिवसांची पोकळी दिसली, तर त्या चार दिवसांत काय झालं यापेक्षा तिथे कुणाचंच लक्ष नव्हतं, हे आधी कळतं.

आणि दुसरा वाचक खरोखरच आला. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या दफ्तरातल्या रोजकीर्दी चाळून उतारे काढले. त्या संग्रहाला न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये प्रस्तावना लिहिली, आणि मराठ्यांचा इतिहास म्हणजे लढायांचा इतिहास ही समजूत तिथून हलायला लागली. जकात, न्याय, बाजारभाव, वेठ, दवाखाने, जातपंचायती असे सगळे विषय त्या कारकुनांनी रोजच्या रोज लिहून ठेवले होते, आणि लिहिताना त्यांना आपण इतिहास लिहितोय याची गंधवार्ताही नव्हती. पुढे १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्याच दफ्तरातून ४५ खंड काढले. इकडे इंदुरात वा. वा. ठाकूर यांनी होळकरशाहीच्या साधनांसाठी तेच काम केलं.

या कागदांवर तारीख मात्र अशी असते, की वाचणारा पहिल्यांदा गोंधळतो. 'छ' या अक्षरामागे हिजरी महिन्याची चंद्रतिथी, शुहूर सनाचं वर्ष अरबी शब्दांत, आणि ते वर्ष सुरू होतं मृगात. म्हणजे एका ओळीत चंद्राचं कॅलेंडर आणि सूर्याचं वर्ष दोन्ही. यातून इंग्रजी तारीख काढायला जंत्री लागते. बाळाजी प्रभाकर मोडक यांनी ती केली, मग ग. स. खरे यांनी केली, आणि त्यांच्याशिवाय वरचे सगळे खंड तारखेविना लोंबकळत राहिले असते. नोंदीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मजकूर नव्हे, वेळ आहे. मजकूर अर्धवट असला तरी इतर कागदांवरून जुळवता येतो. वेळ चुकली तर कारण आणि परिणाम यांची जागाच बदलते.

इथे उज्जैन येतं. सूर्यसिद्धांताच्या परंपरेत शून्य रेखांश उज्जैनमधून जातो. आपल्याकडच्या ग्रहगणिताचं घड्याळ शतकानुशतकं या गावावर लावलेलं होतं. सवाई जयसिंग माळव्याचा सुभेदार असताना अठराव्या शतकात त्याने तिथे वेधशाळा बांधली. ती पडझडीला आली, तेव्हा १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली, आणि 'सर्वानंदलाघव' लिहिणारे गोविंद सदाशिव आपटे यांनी ती सांभाळली. होळकरांच्या राजधानीतून निघणारा हा रस्ता शिंद्यांच्या त्या वेधशाळेच्या गावाला जातो. उज्जैनची स्वतःची सूर्यवेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटं मागे आहे. मुंबईची ३९ मिनिटं मागे. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं हट्टाने १९५५ पर्यंत जपली. त्या काळात मुंबईत घडलेल्या एखाद्या गोष्टीच्या दोन कागदांवर दोन वेळा दिसल्या, तर दोन्ही कारकून खरं बोलत असू शकतात.

आज सर्व्हरचं घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सांवेर रोडवर रात्री एक वाजता बिघाड झाला, की लॉगमध्ये तो आदल्या तारखेला संध्याकाळी साडेसात वाजता दिसतो. रात्रपाळीच्या माणसाच्या वहीत एक तारीख, मशीनच्या लॉगमध्ये दुसरी, सीसीटीव्हीवर तिसरीच, कारण त्या कॅमेऱ्याचं घड्याळ दिवाळीपासून कुणी लावलेलं नसतं. डेव्हिड मिल्स या अमेरिकी संशोधकाने १९८५ च्या सुमारास यंत्रांची घड्याळं नेटवर्कवरून एकमेकांशी जुळवण्याची पद्धत बसवली, एनटीपी. जगाचं नेटवर्क तिच्यावर चालतं आणि ज्यांच्या पोटापाण्याचं काम तिच्यावर अवलंबून आहे त्यांतल्याही अनेकांना मिल्स हे नाव माहीत नाही. मोडकांची जंत्रीही अशीच विसरली गेली.

आता कुलाबा. या मागोव्यात मला सगळ्यात जवळची वाटणारी जागा ही. मुंबईच्या दक्षिण टोकाला १८२६ मध्ये वेधशाळा बांधली गेली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. केरूनाना छत्रे, पुढे पुण्यात गणिताचे नामांकित अध्यापक झालेले, कोवळ्या वयात तिथे साहाय्यक म्हणून लागले आणि दहाएक वर्षं राहिले. काम काय, तर रात्रंदिवस, ठरलेल्या वेळी, दिव्याच्या उजेडात मोजपट्टीवरचा आकडा दुर्बिणीतून वाचायचा आणि लिहायचा. बहुतेक दिवशी काहीच घडत नसे. सुई जरा हलायची, परत यायची. सर्व्हररूममध्ये रात्रपाळी केलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

केरूनाना तिथून गेल्यानंतर, १ सप्टेंबर १८५९ ला, इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्यावर एक लखलखाट दिसला. दुसऱ्या दिवशी जगभर चुंबकीय वादळ उठलं, युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. कुलाब्याची सुई त्या दिवशी दुपारच्या आधी अशी कोसळली, की पहारेकऱ्यांनी नेहमीची तासातासाची नोंद सोडून दर काही मिनिटांनी आकडे लिहायला सुरुवात केली. हे महत्त्वाचं आहे. नियम तासाचा होता. पण काहीतरी विपरीत घडतंय हे ओळखून नोंदीची गती वाढवण्याची अक्कल आणि मुभा त्या माणसांकडे होती. आज हेच काम करणारी सॉफ्टवेअरं विकली जातात आणि त्यांची वर्षाची वर्गणी कमी नसते. त्या दिवशी कुलाब्यात कोण पाळीवर होतं, त्यांची नावं मात्र कुठे गाजली नाहीत.

तो कागद पडून राहिला. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोंझालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना आणि शोभना अलेक्स यांनी कुलाब्याची ती नोंद प्रसिद्ध केली. सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण. विषुववृत्ताजवळच्या अक्षांशावरची एवढी मोठी आणि सलग नोंद दुसरी नव्हती. विजेच्या जाळ्यांना आणि उपग्रहांना सूर्यापासून किती धोका आहे याचा अंदाज बांधताना आज जग ज्या आकड्याकडे बघतं, तो १८५९ च्या पाळीवाल्यांनी हाताने लिहिलेला आहे. १४४ वर्षांनी आलेला दुसरा वाचक.

कुलाब्याच्या गोष्टीला आणखी एक शेपूट आहे आणि आयटीवाल्यांनी ते जरूर वाचावं. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार असं ठरलं. ट्रॅमच्या विजेने सुया हलणार, नोंद भ्रष्ट होणार. तेव्हाचे संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवलं, जिथे इमारतीत लोखंड वापरलेलं नव्हतं. पण जुनी जागा लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे दोन जागांमधला फरक कळावा आणि १८४१ पासूनची मालिका तुटू नये. आज कंपनी जुना सर्व्हर सोडून क्लाउडवर जाते तेव्हा दोन्ही समांतर चालवण्याची मुदत विचारली, तर उत्तर बहुधा एका शनिवार-रविवारचं असतं. खर्च वाचतो, हे खरं. मालिका तुटते, हेही खरं.

पहिल्या वाचकाचा इतिहास वेगळा आहे आणि तो थोडा रक्ताळलेला आहे.

बेल टेलिफोनच्या कारखान्यांसाठी काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्टने मे १९२४ मध्ये एका पानाचं टिपण दिलं आणि त्यात एक आलेख काढला. मधे सरासरी, वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा. ठिपका आत असेल तर यंत्राला हात लावू नका, बाहेर गेला तर कारण शोधा. पूर्वी अनुभवी फोरमनच्या नाकाला जे कळायचं, ते आता कागदावर रेषेने कळू लागलं. महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९४७-४८ मध्ये शूहार्टला इकडे बोलावलं होतं, आणि आपल्याकडच्या कारखान्यांत नियंत्रण-आलेख पोचण्यात त्या भेटीचा मोठा वाटा आहे. आज क्लाउडच्या पडद्यावर '८० टक्के डिस्क भरली की कळवा' अशी जी रेषा मारतात, ती शूहार्टच्या रेषेची जरा मठ्ठ नात आहे. शूहार्टची मर्यादा त्या यंत्राच्या स्वतःच्या चढउतारावरून काढलेली असे. ही ८० कुणीतरी गोल आकडा म्हणून टाकलेली असते.

रेषेच्या आत असणं म्हणजे ठीक असणं नव्हे, हे मध्य प्रदेशाइतकं महाग कुणी शिकलेलं नसेल. भोपाळ, २ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० नंबरच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट. टाक्या थंड ठेवणारं यंत्र त्या वर्षीच्या जूनपासून बंद. रात्री १०.२० ला टाकीचा दाब २ पीएसआय नोंदला गेला. पावणेअकराला पाळी बदलली. अकराच्या सुमारास नव्या माणसाने काटा बघितला: १०. ठरलेली मर्यादा होती २ ते २५. दहा हा आकडा मर्यादेच्या आत होता, म्हणून कुणी दचकलं नाही. चाळीस मिनिटांत दाब पाचपट झाला, हे कळायला दोन नोंदी शेजारी ठेवून बघायला हव्या होत्या, आणि त्या दोन नोंदींच्या मधे पाळी बदलली होती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. चौकशीत इतर अनेक कारणं पुढे आली आणि ती याहून मोठी होती: बंद ठेवलेली सुरक्षा यंत्रणा, कापलेली माणसं, ढिली देखभाल. सगळं त्या काट्यावर ढकलणं अन्यायाचं होईल. पण आकडा किती आहे यापेक्षा किती वेगाने बदलतोय ते बघा, हा धडा मॉनिटरिंगच्या कुठल्याही पुस्तकात येतो तेव्हा मला ६१० नंबर आठवतो. क्लाउडच्या साधनांमध्ये बदलाच्या वेगावर अलर्ट लावण्याची सोय आहे. किती जण ती वापरतात, हा वेगळा विषय.

कारखान्यांच्या नोंदींच्या अब्रूची पुढची गोष्ट आमच्या शेजारच्या देवासची. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने रॅनबॅक्सीच्या देवास आणि पाँवटा साहिब इथल्या कारखान्यांतून येणारी तीसहून अधिक औषधं अडवली. मे २०१३ मध्ये कंपनीच्या अमेरिकी शाखेने गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. प्रकरणाचा एक मोठा भाग औषधाचा नव्हता, नोंदींचा होता: न केलेल्या चाचण्या, मागच्या तारखा, खोटे आकडे. त्यानंतर देशभरातल्या औषध कारखान्यांत 'डेटा इंटिग्रिटी' हे दोन शब्द प्रार्थनेसारखे म्हटले जाऊ लागले. जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, ही औषधधंद्यातली जुनी म्हण. तिला आता जोड मिळाली, की जे नंतर लिहिलं तेही घडलं नाही. १९९७ चा अमेरिकी नियम संगणकाच्या नोंदींना कागदी नोंदींइतकीच किंमत देतो, पण अट घालतो: कुणी, केव्हा, काय बदललं याचा माग यंत्राने स्वतः ठेवला पाहिजे आणि तो कुणाला पुसता येता कामा नये. सांवेर रोडवरच्या छोट्या कारखानदारांना हे सुरुवातीला परदेशी खूळ वाटलं. मग औषधांच्या नियमांमधलं शेड्यूल एम नव्याने लिहून अधिसूचित झालं आणि तेच पाणी आपल्या दारी आलं. क्लिपबोर्डच्या जागी डेटा लॉगर बसू लागला, लॉगरचा आकडा सर्व्हरवर, सर्व्हरचा क्लाउडवर. वरच्या मजल्यावरचा आयटीचा मुलगा आणि खालचा तक्तेवाला यांची गाठ खरी पडली ती इथे.

संगणकाकडची हकिकत लांबवण्यासारखी नाही, कारण ती बहुतेक साधनांच्या नावांची यादी होते. एवढंच पुरे, की १९८० च्या दशकात बर्कलीच्या एरिक ऑलमनने ईमेल पोचवणाऱ्या आपल्या सेंडमेल प्रोग्रामसाठी सिसलॉग लिहिला, तो इतरांनी उचलला, आणि वीसएक वर्षं सगळं जग वापरत असताना त्याची पद्धत २००१ मध्ये कागदावर उतरली. त्यात गांभीर्याच्या आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे आणीबाणी, सात म्हणजे फक्त दुरुस्ती करणाऱ्याच्या कामाची बारीक बडबड. दोन वाचकांना वेगळं करण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता: शून्य-एक-दोन जाग्या माणसाला, सहा-सात नंतर येणाऱ्याला. प्रत्यक्षात प्रोग्रॅमर घाईत असतो आणि सगळंच 'एरर' म्हणून लिहितो. मग रात्री फोन इतका वाजतो, की माणूस तो उशीखाली ठेवायला शिकतो. १९९५ च्या आसपास टोबियास ओटिकरने लेस्टरमधल्या एका विद्यापीठाच्या इंटरनेट लाइनवर किती वाहतूक आहे याचा आलेख दर पाच मिनिटांनी काढणारं एमआरटीजी केलं, आणि तेव्हापासून यंत्राची तब्येत म्हणजे आलेख ही सवय पडली. सोपी, बघायला छान. छान दिसतं म्हणून भिंतीवर लागतं, आणि भिंतीवर लागलं की कुणी बघत नाही.

क्लाउड आला तेव्हा वही कारखान्याबाहेर गेली. अ‍ॅमेझॉनने एस-थ्री साठवण मार्च २००६ मध्ये उघडली. मुंबईत त्यांचं केंद्र २०१६ मध्ये आलं, आणि मायक्रोसॉफ्टचं पुण्याचं केंद्र त्याच्या आदल्या वर्षी. इंदुरात लवकुश चौकातून सुपर कॉरिडॉरकडे वळलं की टीसीएस आणि इन्फोसिसची आवारं लागतात. तिथल्या मुलांच्या रात्रपाळीत कुठल्या तरी परदेशी कंपनीची वाहतूक, साठवण, लॉग बघणं हे रोजचं काम. कुलाब्याचंच काम, फरक एवढा की सुई सात समुद्रांपलीकडे आहे.

वही बाहेर गेल्यावर तिच्यावर नजर ठेवणारेही त्याच इमारतीत गेले. २८ फेब्रुवारी २०१७ ला अमेरिकेत एस-थ्रीच्या एका माणसाने काही सर्व्हर काढायची आज्ञा टाइप करताना आकडा चुकवला आणि ठरल्यापेक्षा खूप जास्त सर्व्हर निघाले. चारएक तास अर्धं इंटरनेट लंगडलं. गंमत पुढे आहे. सेवा चालू आहे की बंद हे जगाला सांगणारं अ‍ॅमेझॉनचं पान स्वतः एस-थ्रीवर अवलंबून होतं, त्यामुळे ते बदलता येईना. सुरुवातीला ट्विटरवरून कळवावं लागलं. पहारेकरी ज्या खोलीवर पहारा देतो त्याच खोलीत झोपला होता. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, याहून विचित्र झालं. लॉगफोरजे नावाचा, जगभरच्या जावा प्रोग्राममध्ये नोंदी लिहिण्याचं साधं काम करणारा भाग, नोंदीतला विशिष्ट मजकूर वाचून बाहेरून प्रोग्राम आणून चालवू शकतो, हे उघड झालं. म्हणजे कुणी आपलं नाव एका विशिष्ट पद्धतीने लिहिलं, कारकुनाने ते इमानेइतबारे वहीत उतरवलं, आणि उतरवताक्षणी तिजोरी उघडली. नाताळच्या सुट्ट्यांत जगभरचे आयटीवाले जागत बसले. हुजूर दफ्तरातल्या कारकुनाने काय लिहिलं यावर राज्यं बदलली असतील, पण लिहिण्याच्या कृतीनेच किल्ला पडला असं तिथे कधी झालं नाही.

लॉगने यंत्र मरतं, हे तर रोजचंच. नोंदी लिहून लिहून डिस्क भरते, डिस्क भरली की डेटाबेस थांबतो, आणि बिघाडाचं कारण शोधायला लॉग उघडावा तर शेवटची ओळ लिहायला जागा उरलेली नसते. म्हणून जुने लॉग बांधून ठेवायचे, मग पुसायचे. दफ्तरात त्याला रुमालात बांधणं म्हणत. तिथे पुसत मात्र नसत.

भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला नियम काढला: लॉग १८० दिवस देशाच्या हद्दीत ठेवा, घड्याळं राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा, आणि हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. छोट्या-मध्यम उद्योगांना २५ सप्टेंबरपर्यंत सवलत होती, म्हणजे सांवेर रोडला. घड्याळाचं कलम वाचून मला आनंद झाला. जयसिंगालाही झाला असता. १८० दिवसांचं कलम मात्र पोलिसांच्या आणि गुन्ह्याच्या तपासाच्या हिशेबाचं आहे, आणि त्यासाठी ते ठीकही आहे. अडचण अशी, की किमान म्हणून सांगितलेला आकडा सगळीकडे कमाल म्हणून वापरला जातो. क्लाउडवर साठवणीचा पैसा दरमहा जातो. महिनाभर गरम कप्प्यात, मग स्वस्त थंड कप्प्यात, आणि १८१ व्या दिवशी नियम आपोआप पुसून टाकतो. औषध कारखान्याच्या बॅचच्या नोंदी औषधाची मुदत संपल्यानंतरही ठेवाव्या लागतात, कारण तसा कायदा आहे. पण त्या नोंदी ज्या सर्व्हरवर होत्या तो त्या रात्री कसा वागत होता, हे सांगणाऱ्या ओळी तोवर गेलेल्या असतात.

सगळंच ठेवा असं मी म्हणत नाही. ते कुणालाच परवडणार नाही, आणि अमुक माणसाने अमुक वेळी काय बघितलं याचा ढीग शंभर वर्षं पडून राहावा असंही मला वाटत नाही. पण कच्च्या ओळींवरून तेरीज काढायची पद्धत आपल्याकडे होती. वर्षाची खतावणी झाल्यावर कच्ची ओळ गेली तरी तिचा सांगाडा उरे. क्लाउडच्या साधनांमध्ये तीही सोय आहे: पाच मिनिटांचे आकडे तासाचे करायचे, तासाचे दिवसाचे, आणि दिवसाचे वर्षानुवर्षं ठेवायचे. त्याला जागा नगण्य लागते. फक्त ते नियम लिहिताना कुणीतरी विचारावं लागतं, की कुठला आकडा दहा वर्षांनी कुणाला लागेल. सध्या हा प्रश्न सेटिंगच्या पानावर एका रकान्यात उरला आहे, जिथे दिवसांची संख्या टाकायची असते, आणि तो रकाना बहुधा कंपनीत सगळ्यात नवा असलेला मुलगा, बिल कमी करा असा निरोप आल्यावर, दुपारच्या चहाआधी भरतो.